अपुऱ्या काव्याचे वारसदार

वारसा हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात त्या इनामाच्या सनदा, वाड्यांच्या वाटण्या आणि त्यांपायी दिवाणी अदालतीच्या पायऱ्यांवर झिजलेले जोडे. परंतु ज्या गृहस्थाने हाती आलेला पैसा घराच्या उंबरठ्याआत कधी फार काळ टिकू दिला नाही, आणि उतारवयात मिशनचा पगारही स्वेच्छेने सोडून दिला, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कुटुंबात तीन पिढ्यांपर्यंत जे काही हातोहात जात राहिले, त्याचा शोध घ्यावयाचा तर कागदपत्रांपेक्षा त्या घरातील माणसांचे परस्परांशी असलेले वर्तनच तपासावे लागते.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, त्याच्या वाचनाने त्यांच्या मनात जे मंथन सुरू झाले त्याची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी घेतलेल्या बाप्तिस्म्यात झाली, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. आणि त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत ज्या आत्मीयतेने गायिली जातात, ती पाहता या कथनात अतिशयोक्ती नव्हती असे म्हणणे भाग आहे.

परंतु बाप्तिस्म्याची ती वार्ता जिच्या संसारावर वज्राघाताप्रमाणे कोसळली, त्या लक्ष्मीबाईंचा विचार केल्यावाचून या वारशाचे मर्म कळावयाचे नाही. त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. सोवळ्याओवळ्याचे वेड पराकोटीला पोहोचलेल्या वडिलांच्या धाकात त्यांचे बालपण गेलेले. लग्न झाले तेव्हा अक्षरओळख नाही, ती पुढे पतीनेच करून दिलेली. असल्या स्त्रीला पतीच्या धर्मांतराने जिवंतपणीच वैधव्यासारखे दुःख भोगावे लागले, आणि लहानग्या मुलाला, दत्तूला, उराशी धरून त्या काही वर्षे पतीपासून दूर आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. मुळात टिळक शीघ्रकोपी आणि लहरी. खुद्द लक्ष्मीबाईंनीच त्यांचे हे स्वभावदोष पुढे निःसंकोचपणे लिहून ठेवले आहेत. असे असूनही या एका बाबतीत त्या उतावळ्या पुरुषाने जो धीर धरला तो मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनाहून मोलाचा वाटतो. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्यापाशी परतल्या, तेव्हा आपले सोवळे सांभाळून त्या वेगळा स्वयंपाक करीत, आणि ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात हिंदू पत्नीची ही निराळी चूल निर्वेधपणे पेटत राहिली. जातिभेद ईश्वराने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे, हा निर्णय पुढे त्यांच्या मनाने आपण होऊनच केला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याच्या आजीच्या आणि आईच्या, लोईस आणि युनीके यांच्या, विश्वासाचे स्मरण करून दिले आहे. तो उल्लेख वाचताना माझ्या मनात दर वेळी ही निराळी चूल येते.

त्या घराचे दार सदैव उघडे असे. निराधार मुलांना तेथे आसरा मिळे, आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, हे तर लक्ष्मीबाईंच्या मायेत पोटच्या मुलासारखे वावरले. त्यांच्यावर बाप्तिस्म्याची अट कोणी घातली नाही. ते हिंदूच राहिले. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा टिळकांच्या घरात जो शोक झाला तो घरचा मुलगा गेल्याचाच होता. त्याच सुमारास टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला होता आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांनाही स्थान दिले होते. अनेक धर्मबंधूंना हा दरबार रुचला नाही. परंतु घरात जे वर्षानुवर्षे चालत आले होते, त्याचेच हे सार्वजनिक रूप होते, अशी माझी धारणा आहे.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. मागे मिळकत अशी नव्हती. होते ते ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य, तेही अकरा अध्यायांपाशी थांबलेले. ते पुढे नेण्याचे काम, पतीच्या हाताखाली अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि ६४ अध्यायांची भर घातली. कारकुनाने अर्धवट दस्तऐवज पुरा करावा तसे हे झाले नाही. ज्या ख्रिस्तापायी आपला संसार एकदा मोडला, त्याचे चरित्र त्या आता स्वतःच्या वाणीने गात होत्या. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून देण्याची गळ घातली, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आले. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. टिळकांना संतपदी बसविण्याचा मोह लक्ष्मीबाईंनी कटाक्षाने टाळला आहे; त्यांचा राग, त्यांचे रिते खिसे, त्यांचे चुकलेले बेत हे सारे त्यात आहे, आणि म्हणूनच त्या माणसावर आपला विश्वास बसतो. पुढे नातू अशोक टिळक यांनी या ग्रंथाची अभिनव आवृत्ती संपादित केली.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईही गेल्या, तेव्हा ‘ख्रिस्तायना’चा समारोप व्हावयाचा राहिला होता. १९३८ साली ७६ अध्यायांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील अखेरचा अध्याय देवदत्तांचा आहे: पित्याच्या बाप्तिस्म्यामुळे ज्याला आईच्या कडेवर बसून पित्यापासून दूर जावे लागले होते, त्या दत्तूचा.