जर्मन छत्रीधारी सैनिक: ऐकीव किती, खरं किती

दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांत आणि व्हिडिओ गेममध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक ठरलेल्या रूपात येतो. डोक्यावर काठ नसलेलं हेल्मेट, अंगात कॅमोफ्लाजचा सैल अंगरखा, हातात डाव्या बाजूला आडवं मॅगझिन असलेली एफजी ४२ रायफल. विमानातून उडी टाकतो तोच गोळ्या झाडत. यातलं हेल्मेट खरं आहे, अंगरखाही खरा आहे. बाकीचं चित्र मात्र दुरुस्त करावं लागतं आणि दुरुस्तीची सुरुवात बंदुकीपासून नव्हे, पॅराशूटपासून करावी लागते. या सैनिकांच्या साहित्यात जे जे वेगळं दिसतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ तिथे आहे.

आधी एक छोटी गोष्ट. हे सैनिक जर्मन लष्कराचे होते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते हवाई दलाच्या, म्हणजे लुफ्तवाफच्या अखत्यारीत होते. त्यांची पहिली प्रशिक्षण शाळा १९३६ मध्ये श्टेंडाल इथे सुरू झाली आणि पुढे जनरल कुर्ट श्टूडेंट यांच्या हाताखाली त्यांची डिव्हिजन उभी राहिली. लष्कर आणि हवाई दल यांच्यातल्या या हद्दीचा परिणाम पुढे त्यांच्या शस्त्रांवरही झाला.

आता पॅराशूट. ब्रिटिश किंवा अमेरिकन सैनिकाच्या पॅराशूटच्या दोऱ्या त्याच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांना येऊन मिळत. तो सरळ उभा लटके आणि त्या पट्ट्या ओढून थोडीफार दिशा बदलू शके. जर्मन ‘आरझेड’ मालिकेतल्या पॅराशूटच्या दोऱ्या सैनिकाच्या मागे, डोक्याच्या वर एकत्र येत. हात मागे नेऊन त्या धरणं शक्यच नव्हतं. पाठीला दोर बांधून विहिरीत सोडलेल्या माणसासारखा तो पुढे झुकून लोंबकळत खाली येई. वारा नेईल तिकडे जायचं. फार तर हातपाय झाडून तोंड वाऱ्याच्या दिशेने फिरवायचं.

जर्मन सैनिक युंकर्स ५२ विमानाच्या दारातून हातपाय पसरून, डोकं पुढे करून सूर मारत. जुन्या फिल्ममध्ये ही उडी पाहणाऱ्याला तो बेडरपणाचा देखावा वाटतो. ती गरज होती. या पॅराशूटचा घुमट आधी उघडे आणि दोऱ्या नंतर ताणल्या जात, त्यामुळे बसणारा झटका जबर असे. त्या क्षणी शरीर आडवं नसेल, तर झटक्याने माणूस वेडावाकडा फेकला जाई. शाळेत या उडीचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जाई तो शौर्य दिसावं म्हणून नव्हे, कंबर मोडू नये म्हणून.

पुढे झुकलेला माणूस जमिनीवर उतरतो तेव्हा दोन्ही पावलांवर नीट उभा राहू शकत नाही. तो हात आणि गुडघ्यांवर पडतो आणि पुढे कोलांटी घेतो. म्हणून गुडघ्यांवर जाड पॅड, हातात चामडी मोजे. विजारीला गुडघ्याच्या बाजूला एक फट असे; उतरल्यावर विजार न काढता त्या फटीतून आतले पॅड ओढून काढता येत. गॅस मास्क इतर सैनिकांकडे पत्र्याच्या गोल डब्यात असे. छत्रीधारी सैनिकाला कापडी पिशवी मिळे, कारण कोलांटी घेताना पत्र्याचा डबा बरगड्यांत घुसला असता. गुडघ्यापर्यंतचा तो सैल अंगरखाही याच हिशेबाने शिवलेला. उडी मारताना तो कमरेच्या पट्ट्यावरून, पाऊचवरून, सगळ्या सामानावरून चढवायचा, म्हणजे दोऱ्यांत काही अडकत नाही. उतरल्यावर पॅराशूट सोडवायचं, अंगरखा काढायचा, मग तो पुन्हा घालून पट्टा आणि सामान त्यावरून बांधायचं. आजूबाजूने गोळ्या येत असताना.

हेल्मेटचंही तसंच. नेहमीच्या जर्मन हेल्मेटचा पुढचा छज्जा आणि मानेवरचा पसरट काठ काढून टाकला, आत जास्त जाड पॅडिंग दिलं आणि हनुवटीचा पट्टा मागून-पुढून घट्ट बसेल असा केला. पहिल्या बुटांच्या नाड्या बाजूला असत, म्हणून कडेला नाड्या असलेला बूट हीच या दलाची खूण, असं संग्राहक मानतात. पुढच्या काळात समोर नाड्या असलेले बूट सर्रास वापरात आले. फोटोत समोरच्या नाड्या दिसल्या म्हणून सैनिक ‘खोटा’ ठरत नाही.

विजारीच्या उजव्या मांडीवरच्या खिशात एक चाकू असे. तरफ दाबून हात खाली झटकला, की पातं आपल्या वजनाने बाहेर येऊन अडकतं. चित्रपटांत तो गळे कापण्यासाठी वापरतात. खरा उपयोग साधा होता: झाडात अडकलात किंवा वाऱ्याने फरपटत नेलं, तर एका हाताने पॅराशूटच्या दोऱ्या कापणं. त्याला गाठी सोडवण्यासाठी एक दाभणही जोडलेलं असे.

सगळ्यात मोठा गैरसमज शस्त्रांचा आहे. छत्रीधारी सैनिक म्हटला की तो पूर्ण शस्त्रसज्ज उतरणार, असं गृहीत धरलं जातं. जर्मन सैनिकाच्या बाबतीत हे खरं नव्हतं. डोकं पुढे करून सूर मारायचा आणि जमिनीवर कोलांटी घ्यायची, तर एक मीटरहून लांब रायफल अंगाला बांधणं धोक्याचं. म्हणून बहुतेकांजवळ उडीच्या वेळी असायचं एक पिस्तूल, हातबॉम्ब आणि तो चाकू. काहींकडे, विशेषतः तुकडीप्रमुखांकडे, एमपी ४० सबमशिनगन असे. ती जवळच्या मारासाठी चांगली, पण शंभर-दीडशे मीटरपलीकडे रायफलसमोर तिचा टिकाव कठीण. लांब पल्ल्याच्या के ९८ रायफली, मशिनगन, दारूगोळा, वायरलेस, औषधं हे सगळं वेगळ्या कंटेनरमधून, वेगळ्या पॅराशूटने खाली येई.

हे कंटेनर विचारपूर्वक बनवले होते. खालच्या टोकाला आपटण्याचा धक्का खाणारा पन्हाळी पत्र्याचा भाग, ओढून नेण्यासाठी दांडा आणि छोटी चाकं, कोणत्या तुकडीचा माल ते लांबून कळावं म्हणून रंगीत पट्टे. ४३ जणांच्या एका प्लाटूनला असे १४ कंटेनर लागत. आराखड्यावर पाहिलं तर व्यवस्था चोख होती. अडचण एवढीच, की उतरल्यावर आधी कंटेनर शोधायचा, उघडायचा, रायफल घ्यायची आणि मग लढाई सुरू करायची, हे शत्रूने मान्य करायला हवं होतं.

क्रीट या ग्रीक बेटावर शत्रूने ते मान्य केलं नाही. २० मे १९४१ च्या सकाळी मालेमे विमानतळाभोवती जर्मन तुकड्या उतरू लागल्या. हवाई स्टॉर्म रेजिमेंटची तिसरी बटालियन नेमकी न्यूझीलंडच्या सैनिकांच्या मोर्च्यांवर येऊन पडली. ऑलिव्हच्या बागांत, द्राक्षमळ्यांत, गच्च्यांवर. कोणी हवेत असतानाच मारले गेले, कोणी झाडात लटकलेले असताना. जे जिवंत जमिनीवर पोचले, त्यांच्या रायफली काही अंतरावर उघड्यावर पडलेल्या होत्या आणि तिथवर जाण्याची वाट न्यूझीलंडच्या सैनिकांच्या ली-एनफिल्ड रायफलींच्या माऱ्यात होती. हातातल्या पिस्तुलाने ते अंतर कापता येत नाही. सुमारे ६०० जणांच्या त्या बटालियनमधले जवळपास ४०० मारले गेले. तिचा कमांडर मेजर शेर्बरही त्यांत होता. काही कंटेनर न्यूझीलंडच्या सैनिकांनी आणि क्रीटच्या गावकऱ्यांनी पळवले आणि त्याच शस्त्रांनी जर्मनांवर मारा केला.

क्रीट शेवटी जर्मनांनी घेतलं, हेही सांगायला हवं, नाहीतर हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज होईल. पण ते पॅराशूटच्या जोरावर मिळालं असं म्हणता येत नाही. मालेमेच्या वरची १०७ क्रमांकाची टेकडी न्यूझीलंडच्या तुकडीने रात्रीत सोडली, विमानतळ जर्मनांच्या हाती आला आणि दुसऱ्या दिवसापासून युंकर्स विमानं तोफांच्या माऱ्यातही डोंगरी सैनिक थेट धावपट्टीवर उतरवू लागली. मालेमेच्या जर्मन दफनभूमीत आज ४,४६५ थडगी आहेत. त्या उन्हाळ्यात हिटलरने श्टूडेंटला सांगितलं, की छत्रीधारी सैनिकांचे दिवस संपले. त्यानंतर त्या प्रमाणावरची उडी जर्मनांनी कधीच घेतली नाही.

आणि इथे एफजी ४२ येते. माणसाने सोबत घेऊन उडी मारावी, रायफलसारखी लांब पल्ल्याची असावी आणि गरज पडली तर मशिनगनसारखी झडावी, अशी एकच बंदूक हवाई दलाला हवी होती. लष्कराच्या शस्त्र विभागाने ही मागणी अव्यवहार्य ठरवली, तेव्हा हवाई दलाने स्वतःच काम पुढे नेलं. राइनमेटालच्या लुई श्टांगे यांनी ती घडवली. पूर्ण ताकदीचं ७.९२ मिलिमीटरचं काडतूस, जेमतेम साडेनऊशे मिलिमीटर लांबी, एकेक गोळी झाडताना बंद बोल्टवरून आणि सलग झाडताना उघड्या बोल्टवरून चालणारी रचना. त्या काळच्या मानाने हे विलक्षण काम होतं आणि तिच्या यंत्रणेचे धागे अमेरिकेच्या एम ६० मशिनगनमध्ये पुढे दिसले. पण सगळ्या आवृत्त्या मिळून बनल्या सुमारे ७,००० बंदुका. हजारोंच्या दलात ती मूठभरांच्याच हाती असे. बाकीचे युद्धाच्या शेवटापर्यंत के ९८, एमपी ४० आणि एमजी ४२ घेऊन लढले. उडीसाठी जन्मलेली ही बंदूक सैनिकांच्या हाती आली, तोवर मोठ्या उड्यांचा काळच मागे पडला होता.

तिची सगळ्यात गाजलेली छायाचित्रं १२ सप्टेंबर १९४३ ची आहेत, ग्रान सासोच्या डोंगरावरून मुसोलिनीला सोडवलं त्या दिवसाची. तिथेही कोणी पॅराशूटने उतरलं नव्हतं. मेजर हाराल्ड मोर्स यांच्या तुकडीतले सैनिक डीएफएस २३० ग्लायडरमधून उतरले आणि काही जण खालच्या दरीतून केबल-कारने वर आले. श्रेय मात्र एसएसचा ओटो स्कोर्झेनी घेऊन गेला. १० मे १९४० रोजी हल्ला झालेला बेल्जियमचा एबेन-एमाएल किल्ला दुसऱ्या दिवशी पडला, तोही ग्लायडरमुळे. किल्ल्याच्या छपरावर उतरलेल्या मूठभर इंजिनिअर सैनिकांच्या हाती ५० किलोचे पोकळ स्फोटक-गोळे होते आणि लढाईत अशा स्फोटकांचा तो पहिलाच वापर. पोलादी घुमट फोडण्याचं काम त्यांनी केलं.

नंतरच्या वर्षांत हे सैनिक बहुतेक वेळा पायदळ म्हणूनच लढले. १९४४ मध्ये इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठाचे अवशेष लढवणारी पहिली छत्रीधारी डिव्हिजन तिथे जमिनीवरूनच आली होती. तिच्या समोर मार्चमध्ये चौथी भारतीय डिव्हिजन होती. तिच्यातल्या ९ गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनने मठाखालची हँगमन्स हिल आठवडाभराहून अधिक धरून ठेवली. शेवटची मोठी म्हणता येईल अशी उडी डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या जंगलात झाली. रात्र, जोराचा वारा, नवखे वैमानिक. हजाराहून अधिक सैनिक घेऊन निघालेल्या फॉन डेर हाइट यांच्याजवळ जमिनीवर सुमारे तीनशेच गोळा झाले.

साहित्याबद्दल लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवणं योग्य नाही. या दलाभोवती ‘शूर, पण नियमाने लढणारे’ असं एक वलय आहे आणि हेल्मेट-अंगरखे जमवणाऱ्यांच्या जगात ते जास्तच गडद होतं. क्रीटच्या गावकऱ्यांनी, त्यांत बायका आणि म्हातारेही, जुन्या शिकारी बंदुका, कोयते, हाती लागेल ते घेऊन या सैनिकांना तोंड दिलं. त्यावर श्टूडेंट यांनी सूड घेण्याचे आदेश काढले. २ जून १९४१ रोजी कोन्दोमारी गावातल्या पुरुषांना ऑलिव्हच्या बागेत नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या घालणारे त्याच तिसऱ्या बटालियनचे सैनिक होते. दुसऱ्या दिवशी कांदानोस गाव जमीनदोस्त करण्यात आलं. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने श्टूडेंट यांना युद्धकैद्यांशी केलेल्या वागणुकीबद्दल काही आरोपांत दोषी धरलं, पण ते १९४८ मध्ये सुटले आणि ग्रीसची त्यांना ताब्यात देण्याची मागणी मान्य झाली नाही.

कोन्दोमारीची छायाचित्रं फ्रांत्स-पेटर वाइक्सलर या जर्मन युद्ध-छायाचित्रकाराने काढली होती. ती बाहेर पाठवल्याबद्दल त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला. पुढे न्यूरेंबर्गमध्ये त्याने साक्ष दिली. ती छायाचित्रं जर्मनीच्या संघीय अभिलेखागारात जपलेली आहेत: एकत्र बसवलेले गावकरी, रायफली रोखून ओळीत उभे सैनिक आणि झाडांखाली पडलेली प्रेतं.