उन्हाळ्यांत व्हॅन थंड कशी राखावी?

पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत भाजी उतरवावी, मग कसबा पेठेंत जाऊन ग्रामदैवत गणपतीचें दर्शन घ्यावें, तांबट आळींत एखादें भांडें पाहावें आणि दुपारीं गांवाकडे परतावें, हा क्रम पुण्यास माल आणणाऱ्या शेतकऱ्यास सोईचा वाटतो. तेवढ्या वेळांत व्हॅन मात्र उन्हांत उभी असते. परत येऊन दार उघडावें तों भट्टीसारखी झळ अंगावर येते. न खपलेल्या कोथिंबिरीनें मान टाकलेली असते, आणि नव्या बियाण्याची पिशवी हातास गरम लागते. हें नुकसान बव्हंशीं टाळतां येतें. तें कसें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम कारण समजून घेतलें पाहिजे. सूर्याचा प्रकाश कांचेंतून सहज आंत शिरतो आणि बैठकीवर व तळावर पडून त्याची उष्णता होते. ही उष्णता ज्या रूपानें बाहेर पडूं पाहते, त्या रूपांत तिला कांच वाट देत नाहीं. शिवाय तापलेली हवाही आंतच कोंडून राहते. वरून टपाचा पत्रा तापतो तो निराळाच. म्हणून आंत शिरलेली उष्णता घालविण्याची खटपट करण्यापेक्षां ती बाहेरच अडविणें अधिक शहाणपणाचें होय.

सर्वांत स्वस्त उपाय सावलीचा. दक्षिणोत्तर बोळांत सकाळीं पूर्वेकडील घरांची व दिवस कलल्यावर पश्चिमेकडील घरांची सावली रस्त्यावर पडते. तेव्हां पुढें सावली कोणीकडे सरकेल तें पाहून गाडी लावावी. परंतु १३-१४ मेच्या सुमारास पुण्यास मध्यान्हीं सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या वेळीं भिंतीस सावलीच उरत नाहीं व सारा मारा टपावर होतो. झाड असेल तरच निभाव लागतो.

यास्तव टपाकडे विशेष लक्ष द्यावें. पांढरा रंग पुष्कळसें ऊन परतवितो आणि जी थोडी उष्णता घेतो तीही लवकर सोडतो. चकचकीत उघडा पत्रा याहून बरा, ही समजूत चुकीची आहे. घासून लखलखीत केलेलें तांब्याचें घंगाळ उन्हांत ठेवून थोड्या वेळानें हात लावून पाहावा. तें चकाकतें खरें, पण चटकाही देतें. कारण उघडा धातु घेतलेली उष्णता बाहेर टाकण्यास फार मंद असतो.

जुन्या वाड्यांत कौलांखालीं माळा असल्यामुळें कौलांचा ताप खालच्या खोलींत एकदम उतरत नाहीं. हीच युक्ति गाडीस लागू करावी. गाडी उभी असतांना टपावर चार बोटें अंतर राखून पांढरी ताडपत्री ताणावी व मधून वारा खेळूं द्यावा. कांचांवरील आच्छादन शक्यतों बाहेरून घालावें. आंतील पडदा ऊन आंत आल्यानंतरच त्यास अडवितो. खिडकी बोटभर उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. तापलेली हवा वर जाते, म्हणून तिला टपाजवळून वाट हवी व सावलीच्या बाजूनें खालून ताजी हवा यावयास हवी. परतल्यावर दोन्हीं बाजूंचीं दारें दोनतीन मिनिटें उघडीं टाकून मगच निघावें.

ओलें गोणपाट चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेंत उत्तम गारवा देतें. मात्र वारा वाहता असेल तरच. बंद गाडींत तें केवळ दमटपणा वाढवितें, आणि बियाण्याजवळ तर तें कदापि ठेवूं नये. बियाणें साठवणींत असतां उष्णतामान दर ५ अंश सेंटिग्रेड वाढलें कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्में होतें, असा ठोकताळा आहे. ओल लागल्यास हानि आणखी मोठी. तोडलेली भाजीही श्वसन करून स्वतःची उष्णता उत्पन्न करिते. म्हणून ती पहाटे तोडावी, सावलींत निववावी व पाट्या दाटीनें रचूं नयेत.

शेवटीं एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. उन्हांतील बंद गाडींत पहिल्या १० मिनिटांतच उष्णतामान सुमारें १० अंश वाढतें, आणि लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पांचपट वेगानें तापतें. वरील सारे उपाय माल राखण्याचे आहेत. जीव राखण्यास ते पुरेसे नाहींत. झोपलेलें मूल, वृद्ध माणूस किंवा जनावर यांस क्षणभराच्या कामासाठींही बंद गाडींत ठेवूं नये. कोथिंबिरीची जुडी गेली तर पुढच्या हप्त्यांत दुसरी येईल. मुलाच्या बाबतींत तशी सोय नाहीं, हें प्रत्येक बंधूनें ध्यानीं ठेवावें.