मुद्राचित्रांची पारख

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक नवी हौस दिसूं लागली आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर नुसती दिनदर्शिका न टांगतां आपल्या काळच्या एखाद्या चित्रकाराच्या हातचें कांहीं असावें, असें तरुण मंडळींस वाटतें. नामांकिताचें तैलचित्र आटोक्याबाहेरचें. म्हणून ही मंडळी 'मर्यादित आवृत्ती'च्या छापचित्रांकडे वळते. हौस स्तुत्य आहे. परंतु या बाजारांत अस्सल व नक्कल यांची सरमिसळ फार, आणि कष्टाचा पैसा अज्ञानापायीं दवडला जाऊं नये, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

प्रथम शब्दार्थ पाहूं. संस्कृतांत 'मुद्रा' म्हणजे शिक्का किंवा त्याचा ठसा. चित्रकार स्वतः लाकूड कोरतो. किंवा तांब्याच्या पत्र्यास मेणाचा लेप देऊन त्यांत सुईनें रेघा ओढतो व आम्लानें त्या खोल करून घेतो. किंवा शिळेवर तेलकट खडूनें रेखाटतो. मग शाई लावून एकेक कागद दाबयंत्राखालून काढला जातो. यांतील प्रत्येक कागद हें मूळ चित्रच होय. कारण त्या कागदांवांचून तें चित्र पूर्णरूपानें दुसरें कोठेंच नसतें. उलट, आधींच रंगविलेल्या तैलचित्राचा फोटो घेऊन तो छापला, तर ती प्रतिकृति. मग तिच्या प्रती शंभर असोत कीं लाख. हा भेद ज्यानें मनांत धरला, त्याला अर्धी पारख साधली.

संख्येची मर्यादा ही चाल मात्र त्या मानानें अर्वाचीन आहे. ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा गेंड्याचा १५१५ सालचा काष्ठठसा त्याच्या मृत्यूनंतरहि छापला जात होता. रेंब्रांट १६६९ सालीं वारला. पण त्याच्या कित्येक तांब्याच्या पाट्या हस्तांतर होत होत विसाव्या शतकापर्यंत टिकल्या व झिजलेल्या अवस्थेंतहि छापल्या गेल्या. त्यामुळें एकाच पाटीचे दोन कागद शेजारीं ठेवले तर त्यांच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर असूं शकतें. एक त्याच्या डोळ्यांदेखत निघालेला, दुसरा परक्या हातानें काढलेला. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेला आणि पुढें मळवलीस गेलेला छापखाना निराळ्याच उद्देशानें चालला. लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोंचाव्या, हाच तेथील हेतु. त्यांतील जुन्या प्रती आज दुर्मिळ झाल्या आहेत त्या ओल, वाळवी व उपेक्षा यांमुळें. संख्या मुद्दाम आखडल्यामुळें नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत चित्राखालच्या समासांत शिसपेन्सिलीनें सही करण्याची व पुढें प्रतींना क्रमांक घालण्याची रीत पडत गेली. १२/५० असें लिहिलें असेल, तर एकंदर पन्नास प्रती व त्यांतील ही बारावी असें समजावें. यांखेरीज कांहीं प्रती कलावंत स्वतःकरितां राखतो. त्यांवर इंग्रजी 'ए. पी.' हीं अक्षरें असतात. त्या आवृत्तीच्या दशांशाच्या आसपास असाव्या, असा सर्वसाधारण संकेत आहे. आवृत्ति पुरी झाली कीं ठशावर रेघ ओढून तो निकामी करणें, हा सचोटीचा शेवटचा भाग. लहान क्रमांक म्हणजे सरस प्रत, हा समज बहुधा निराधार आहे. क्रमांक पुष्कळदां सर्व कागद वाळल्यावर, छपाईचा अनुक्रम न पाहतां घालतात. थेट पत्र्यावर सुईनें ओरखडलेल्या ठशाची खरबरीत कड मात्र लवकर झिजते. तेथें आरंभींच्या प्रती खरोखरच उठावदार निघतात.

केवळ सहीवर विसंबणेंहि धोक्याचें. साल्वादोर दाली यानें कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या. १९७४ सालीं फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांनीं अडविलेल्या एका मालमोटारींत असे सुमारे ४०,००० कागद सांपडले. सही खरी, पण चित्र त्याचेंच याला प्रमाण काय?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मुलीच्या शिक्षणासाठीं सांठविलेल्या रकमेंतून एका दिवंगत चित्रकाराचें ७५/३०० असा क्रमांक असलेलें चित्र घेतलें. 'भाव वाढतच जाणार,' हें विक्रेत्याचें आश्वासन. भिंगाखालीं धरतां सर्वत्र रंगाचे सूक्ष्म तुषार दिसले. सहीहि त्याच तुषारांची! तें तैलचित्राच्या फोटोवरून संगणकाच्या यंत्रानें काढलेलें होतें. या छपाईस 'झिक्ले' असें भारदस्त नांव १९९१ पासून मिळालें आहे. विक्रेत्याच्या पावतींत खोटें अक्षर नव्हतें. आवृत्ति मर्यादितच होती. मात्र ती होती प्रतिकृतीची. विकावयास गेल्यावर चौकटीच्या खर्चाइतकीहि रक्कम कोणी देईना. यंत्र दोषी नव्हे. हयात कलावंत याच यंत्रासाठीं नवें चित्र योजून स्वहस्तें सही करील, तर गोष्ट वेगळी. दोष आहे तो अर्धसत्याचा.

मग मोल कशानें ठरतें? प्रथम, चित्रकारानें हें माध्यम किती गंभीरपणें हाताळलें यावरून. कृष्णा रेड्डी (१९२५-२०१८) यांनीं पॅरिसच्या 'आतलिए १७' या कार्यशाळेंत निरनिराळ्या चिकटपणाच्या शाया एकाच पाटीवर चढवून बहुरंगी छाप काढण्याचें तंत्र विकसित करण्यांत मोठा वाटा उचलला. सोमनाथ होर (१९२१-२००६) यांनीं कागदाच्या पांढऱ्या लगद्यांतच जखमांचे व्रण उमटविले. अशांचें छापचित्र ही तैलचित्राची छाया नव्हे. ती त्यांची मुख्य कृति. त्यानंतर आवृत्तीची संख्या, कागदाची स्थिति आणि चित्र कोणाकडून कोणाकडे गेलें याचे लेखी दाखले. पावतीवर माध्यम, साल, एकूण प्रती व ठशाचें पुढें काय झालें, हें लिहून मागावें. प्रामाणिक विक्रेता याचा राग धरीत नाहीं.

घरीं आणल्यावर समास कापूं नये, चित्र पुठ्ठ्यास डकवूं नये. मागील पुठ्ठा आम्लरहित असावा, कांच कागदास टेंकूं नये. पावसाळ्यांत ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा उन्हाच्या तिरिपेंत तें टांगूं नये. तपकिरी ठिपके व विटलेला रंग अर्धें मोल हिरावून घेतात.

आणि शेवटीं एवढेंच कीं, बाजारभाव हा चंचल आहे. ज्याला थोडक्यांत आरंभ करावयाचा आहे त्यानें कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांस जावें, तरुण मुद्राचित्रकाराशीं बोलावें, त्याचा ठसा पाहावा आणि जें चित्र दहा वर्षें रोज पाहूनहि शिळें होणार नाहीं असें वाटेल, तेंच घ्यावें. पुढें भाव चढला तर तो लाभ. न चढला तरी घरांतील मुलांची दृष्टि चित्र पाहावयास शिकली, हें कांहीं थोडें नव्हे.