सल्लागार कोणाचे मीठ खातो?

औरंगपुऱ्यात भाजी घ्यायला गेलो की परतताना एका ओळखीच्या बेकरीवर आम्ही हमखास थांबतो. खारी, टोस्ट, नानखटाई असा साधा माल. परवा मालक वैतागून सांगत होते की वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा सरकारने खाली आणली तेव्हा त्यांना तूप बदलावे लागले, खारीचे पदर नीट सुटेनात आणि खर्च वाढला तो वेगळाच. "नियम चांगलाच असेल भाई, पण ठरवते कोण? आम्हाला तर कोणी विचारले नाही."

नियम चांगला आहे, यात आम्हाला शंका नाही. ट्रान्स फॅट हृदयाला घातक आहे. जानेवारी २०२१ मध्ये तेल-तुपातील त्याची मर्यादा पाच टक्क्यांवरून तीनवर आणि जानेवारी २०२२ मध्ये दोनवर आली. पण बेकरीवाल्यांचा दुसरा प्रश्न, ठरवते कोण, हा प्रत्येक खाद्य व्यापाऱ्याने विचारण्यासारखा आहे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्यानुसार दिल्लीत जे प्राधिकरण बसते, ते स्वतः प्रयोगशाळेत शिरत नाही. रंग-रसायने, कीटकनाशकांचे अंश, पाकिटावरील मजकूर अशा एकेका विषयासाठी तज्ज्ञांची वैज्ञानिक मंडळे असतात. ती सल्ला देतात आणि त्या सल्ल्यावरून नियम होतो. तोच नियम पुढे बड्या कारखान्यालाही लागतो आणि औरंगपुऱ्यातल्या भट्टीलाही. या मंडळांवर "स्वतंत्र" तज्ज्ञ असावेत, असे कायद्याचे कलम १३ स्पष्ट सांगते. उद्योगाच्या व ग्राहकांच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे बोलावणे वेगळे आणि गादीवर बसणे वेगळे.

सुरुवातीला नेमका हाच फरक पुसला गेला. शीतपेयांतील घटकांविषयी 'सेंटर फॉर पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन' या संस्थेने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्या सुनावणीत तक्रार पुढे आली की वैज्ञानिक मंडळावर कोका-कोला, पेप्सी यांसारख्या कंपन्यांशी संबंधित माणसेच बसलेली आहेत. ज्याच्या मालाची तपासणी व्हायची, तोच तपासणीचे माप ठरविणार! फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने मंडळे कायद्याप्रमाणे नव्याने बनविण्यास सांगितले. याच खटल्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने निरोगी अन्नाचा प्रश्न घटनेच्या २१ व्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हितसंबंध असणे म्हणजे लाच खाणे नव्हे. आपल्या बाजारात दलाल दोन्हीकडून दलाली घेतो. त्याला कोणी चोर म्हणत नाही, कारण सौद्याआधी दोघांनाही ते ठाऊक असते. समोरचा दलाल फक्त आपला आहे असे समजून आपण भाव मान्य केला आणि मागाहून कळले की त्याने पलीकडूनही घेतले, तर मात्र आपण त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवत नाही. आहार सल्लागाराचेही असेच आहे. तो विद्यापीठात शिकवतो, एखाद्या कंपनीच्या पैशावर संशोधन करतो, तिच्या खर्चाने परिषदेला जातो. सगळे कायदेशीर असू शकते. प्रश्न इतकाच, की त्याच्या सल्ल्यावरून नियम होण्याआधी ते लोकांना सांगितले गेले का?

न सांगण्याने काय होते याचे जुने उदाहरण अमेरिकेचे आहे. १९६७ मध्ये हार्वर्डच्या तज्ज्ञांनी हृदयरोगाचा दोष साखरेवरून चरबीवर ढकलणारा लेख लिहिला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने साडेसहा हजार डॉलर मोजले होते, हे जगाला २०१६ मध्ये कळले. पन्नास वर्षे! तिथल्याच सरकारी आहार समितीवर २०२० मध्ये वीस सदस्य होते. त्यांपैकी एकोणीस जणांचे खाद्य वा औषध उद्योगाशी संबंध होते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ओरड झाल्यावर पुढच्या समितीचे हितसंबंध सरकारने जाहीर केले खरे, पण सगळ्यांची यादी एकत्र करून, कोणाचे काय ते न सांगता. अशा यादीचा ग्राहकाला काय उपयोग, ते आम्हाला उमगलेले नाही.

आपल्याकडे अलीकडचे प्रकरण पाकिटाच्या दर्शनी बाजूवरील खुणेचे. साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर लाल खूण छापावी, असा मसुदा एप्रिल २०१८ मध्ये निघाला. उद्योगाने हरकत घेतली आणि त्याच वर्षी फेरविचारासाठी तिघांची समिती नेमली गेली. समितीचे प्रमुख ज्या संस्थेचे विश्वस्त होते, तिचा पाया १९७८ मध्ये कोका-कोलाच्या एका अधिकाऱ्याने घातला होता आणि तिला खाद्य कंपन्यांकडून पैसा मिळत आला आहे, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सप्टेंबर २०१९ मध्ये छापले. त्या गृहस्थांनी काही गैर केले असे आम्ही म्हणत नाही. पण ही माहिती भारतातील दुकानदाराला अमेरिकेच्या वर्तमानपत्रातून का मिळावी? पुढे २०२२ मध्ये लाल खुणेऐवजी ताऱ्यांचा मसुदा आला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारस द्यायला सांगितले आणि नंतर मुदत वाढवून दिली. खारीच्या तुपात पाचाचे दोन व्हायला वर्ष पुरले. पाकिटाच्या खुणेचा मसुदा आणि हा आदेश यांत सात वर्षे गेली.

कडक कायदा आपल्याला करता येत नाही असे नाही. बाळाच्या डबाबंद दुधाविषयी १९९२ चा कायदा आहे, तो २००३ मध्ये आणखी आवळला गेला. त्यात कंपनीने आरोग्यसेवकांना वा त्यांच्या संघटनांना भेट, परिषदेचा खर्च, संशोधनाचा पैसा काहीही देण्यास मनाई आहे. तिथे जाहीर करून घेण्याचाही मार्ग ठेवलेला नाही.

वाचकांपैकी कोणाला विचारायचेच असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मंडळाच्या सदस्यांनी दिलेली हितसंबंधांची घोषणापत्रे आणि कोणत्या बैठकीत कोण चर्चेतून बाजूला झाले याची नोंद, या दोन गोष्टी मागाव्यात. मात्र नोव्हेंबर २०२५ पासून डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले असून "व्यक्तिगत माहिती" म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. म्हणून अर्जात कलम ८(२) चा, म्हणजे सार्वजनिक हिताचा उल्लेख आधीच करावा. बेकरीवाल्या भाईंना आम्ही तसा कागद लिहून दिला आहे. उत्तर आले की याच पानावर छापू.