तंबोऱ्याचा भोपळा आणि एक जाहिरात



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, खोडव्याची निगा, नाहीतर हुमणी यांवरच लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे, पण अगदीच बांधाबाहेरचा नाही.

आपल्या एका सभासदांची कन्या कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी विद्यार्थ्याने एखादी कंपनी वा संस्था निवडून तिच्यासाठी सगळी जाहिरात मोहीम तयार करावयाची असते. पोस्टर, वर्तमानपत्रातील जाहिरात, घडीपत्रिका, रस्त्यावरचा फलक, सगळे त्यात आले. बरीच मुले साबण, चहा, मोटारसायकल घेतात. हिने मिरजेकडील एक लहान धर्मादाय संस्था घेतली. ही संस्था दर शनिवारी खेड्यातील शाळांत शिक्षक पाठवते आणि मुलांना फुकट गाणे शिकवते. पण देणग्या आटल्या, मुलेही घटली. पुढच्या वर्षी शिक्षकाचे मानधन निघाले नाही तर आपल्या भागातील वर्ग बंद करावे लागतील, असे विश्वस्तांनी तिला स्पष्ट सांगितले. म्हणजे मार्कांसाठी करावयाचे काम खरोखरीच कुणाच्या तरी गरजेचे निघाले.

तिने पहिल्यांदा जे केले ते शहरी वळणाचे होते. उदास चेहऱ्याचे एक पोर, खाली ‘सांस्कृतिक वारसा जपा’, आणि तळाला कलम ८०-जी खाली देणगीवर आयकरात सवलत मिळेल अशी ओळ. ते वाचून तिच्या वडिलांनी एवढेच विचारले, “शेतीच्या उत्पन्नाला इनकमटॅक्स हाय कुठं? तू सवलत कुणाला देतीस?”

मग ती आमच्याकडे शेतकी ऑफिसात आली. “काका, सभासदांपर्यंत एखादी गोष्ट पोचवायची तर तुम्ही काय करता?” हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला, याचेच नवल वाटले. आम्ही तिला हुमणीचे उदाहरण दिले. वळवाचा पहिला पाऊस झाला की भुंगेरे जमिनीतून निघतात आणि रात्री कडुलिंब, बाभळीवर बसतात. ते गोळा करा असे सांगावयाचे ते त्याच आठवड्यात. ऑगस्टमध्ये फलक लावून उपयोग नाही, तोवर अळी मुळ्या खात असते. शिवाय फलक कुठे लावला तेही बघावे लागते. ऑफिसच्या भिंतीवरचा कागद ऑफिसातली माणसेच वाचतात.

तिचा बेत जानेवारीत मोहीम काढण्याचा होता. आम्ही म्हटले, बाई, तेव्हा घराघरांत टोळी आली का, ट्रॅक्टर लागला का, एवढीच चर्चा असते, गाणे कोण ऐकणार? ऊस बिलातून टनाला रुपया मागावा, असेही तिच्या मनात होते. कपात हा शब्द पोस्टरवर आला तर पुढचे कुणी वाचणारच नाही, हे आम्ही अनुभवाने सांगितले.

पुढचे मात्र तिने स्वतःच शोधले, आणि तेच आम्हाला मोलाचे वाटते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ती चार दिवस बसली. तिथली कला सुमारे पावणेदोनशे वर्षांची. शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी घराणी, त्यांतले फरीदसाहेब या वाद्यांकडे वळले असे सांगतात. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिची नजर गेली ती कोपऱ्यात रचलेल्या भोपळ्यांकडे. हे भोपळे येतात कुठून? तर सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी, बेगमपूर भागात शेतकरी ते लावतात. भाजीचा नव्हे, कडू भोपळा. वेलावरच पक्व होऊ द्यायचा, मग वाळवायचा, तेव्हा कवच लाकडासारखे होते.

ती तिथेही जाऊन आली. एका शेतकऱ्याने सांगितले की, फळ पिकताना पाऊस लागला तर कुजते, आकार वाकडा निघाला तर गिऱ्हाईक नाही. त्यापेक्षा ऊस बरा, कारखाना उचलतो तरी. उजनीचे पाणी आल्यापासून तिकडे ऊस वाढला, हे आम्ही जाणतोच. ऊस लावा असे सांगणे हेच आमचे काम, आणि उसाला एफआरपी आहे, भोपळ्याला काहीच नाही. मानांकन वाद्याला मिळाले, वेलाला नाही. तरी दोन-चार गुंठे तो वेल टिकावा असे आम्हाला मनापासून वाटते. तंबोऱ्याला गिऱ्हाईक असले तर तो टिकेल. आणि विजेवरचा डबा व मोबाईल यांनी ते गिऱ्हाईकही कमी केले आहे.

तिचे नवे पोस्टर असे आहे : वेलीवर एक मोठा भोपळा, शेजारी मातीने भरलेला हात, आणि वर चार शब्द, ‘हा भोपळा गाणार आहे.’ खाली वर्गाचा वार, वेळ, जागा. उदास पोर नाही, वारसा नाही.

दुसरे पोस्टर आम्हाला जास्त आवडले. त्यात देवळातली वीणा आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या वीणेचाही भोपळाच. शास्त्रीय गाणे आपले नव्हे, असे म्हणणाऱ्याला यापेक्षा सोपे उत्तर आम्हाला सुचत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, म्हणजे आपल्यासारख्याच उसाच्या मुलखात. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले, आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते संस्थानिकांच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या पैशावर. तेव्हा सामान्यांच्या मुलांना गाणे शिकवावे ही गोष्ट आपल्या भागाला परकी नाही.

श्रावणात, सप्ताहाच्या दिवसांत, दोन गावांत ही पोस्टरे लावून पाहिली. एका गावात देवळाच्या मंडपात लावले, तिथे पहिल्या शनिवारी सतरा मुले आली. दुसरीकडे कुणीतरी ते ग्रामपंचायतीच्या खोलीत चिकटवले, तिथे चार. गाणे शिकून पोट भरते काय, असेही दोघा-तिघांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. शनिवारचा तासभर पोटासाठी नाहीच, असे त्या शिक्षकांनी सांगितले, आणि विचारणाऱ्यांपैकी एकाचा नातू आता वर्गात आहे.

मानधनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पहिल्या गावच्या भजनी मंडळाने शिक्षकांच्या जाण्यायेण्याचा खर्च उचलला, एवढीच सुरुवात आहे. असे आणखी तीन-चार गावांनी केले तर वर्ग चालू राहतील, असे विश्वस्त म्हणतात.

पोस्टरे सर्व गट ऑफिसांत ठेवली आहेत. ज्या भजनी मंडळाला वा शाळेला हवी असतील त्यांनी ती न्यावीत, आणि देवळात लावावीत. मुलांची नावे चिटबॉयकडे दिली तरी आमच्याकडे पोचतील. तोडणीच्या प्रोग्रॅमची चौकशी मात्र त्याच वहीत लिहू नये, ती वही वेगळी आहे.