क्रूझ जहाजाचा प्रवास आणि कोविड चाचणी : नियम समजून घेऊ, हक्कही समजून घेऊ

२०२१ च्या पावसाळ्यात वस्तीतला एक मुलगा कागदांची फाइल घेऊन आमच्याकडे आला. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलेला. परदेशी क्रूझ जहाजावर वेटरची नोकरी ठरली होती. पासपोर्ट होता, सीडीसी म्हणजे खलाशाचे पुस्तक होते, मेडिकल झाले होते. लसीचे दोन्ही डोसही झाले होते. तरी एजंट त्याला सांगत होता, "तुझी लस कंपनीला चालत नाही."

लस कोव्हॅक्सिन होती. आपल्याच सरकारी केंद्रावर रांगेत उभे राहून घेतलेली. त्या वेळी कोणती लस निवडायची हे कोणाच्या हातात नव्हते, केंद्रावर जी असेल ती घ्यायची. मुलाचा प्रश्न साधा होता, "मी नियम पाळला, मग मी का अडकलो?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर आम्ही हे नियम वाचत गेलो, जहाजावर काम करणाऱ्या इतर मुलांशी बोललो. जे समजले ते इथे मांडतो आहोत. आपल्या वस्त्यांमधून जहाजावर जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. कोविडची बंधने आज उठली असली तरी हे नियम कोणी केले, कसे बदलले आणि त्यांचा भार कोणावर पडला, हे माहीत असायला हवे. पुढची साथ आली तर हीच दारे पुन्हा बंद होतील.

चाचणीची गरज का पडली?

सुरुवात फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात झाली. डायमंड प्रिन्सेस या जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसे होती. हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी बाधित निघाला आणि जपानने जहाज विलगीकरणात ठेवले. शेवटी ७१२ जण बाधित ठरले. त्यातल्या साधारण ४६ टक्के लोकांना चाचणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. ताप नाही, खोकला नाही, तरी संसर्ग होता.

या आकड्याने जगाला एक गोष्ट शिकवली. बंदरावर ताप मोजून भागणार नाही. माणूस ठणठणीत दिसत असला तरी नमुना घ्यावाच लागेल. चाचणीच्या सक्तीमागे हे शास्त्रीय कारण होते आणि ते योग्य होते.

ही काळजी घेतली नाही तर काय होते, ते पुढच्याच महिन्यात सिडनीत दिसले. १९ मार्च २०२० रोजी रुबी प्रिन्सेस जहाजातून २,६०० हून अधिक प्रवासी उतरवले गेले. जहाजावर आजारी माणसे होती, नमुनेही घेतले होते. पण अहवालाची वाट न पाहता सगळ्यांना घरी जाऊ दिले. अहवाल दुसऱ्या दिवशी आला. या जहाजाशी जोडलेले २८ मृत्यू नोंदले गेले. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने आरोग्य यंत्रणेच्या चुका गंभीर ठरवल्या.

याच्या उलट उदाहरण वेस्टरडॅम जहाजाचे आहे. जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम आणि थायलंड यांनी या जहाजाला प्रवेश नाकारला. जहाजावर तेव्हा एकही निश्चित रुग्ण नव्हता. शेवटी १३ फेब्रुवारी २०२० रोजी कंबोडियाने सिहानूकविल बंदरात ते घेतले. म्हणजे एकीकडे चाचणी करूनही अहवालाकडे न पाहणे आणि दुसरीकडे चाचणी न करताच भीतीने दार लावणे. नियम का लागतात, हे या दोन टोकांवरून समजते.

दार एक नव्हते, चार होती

लोकांना वाटते की एक निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला की झाले. प्रत्यक्षात क्रूझला जाणाऱ्या माणसाला चार वेगवेगळी दारे पार करावी लागत.

पहिले दार जहाज कंपनीचे. जहाजावर चढण्याआधी कंपनी स्वतःचा नियम लावत असे. सरकारने सूट दिली तरी कंपनी चाचणी आणि लस मागू शकत होती.

दुसरे दार विमानाचे. आपल्याकडून जाणारा माणूस बहुतेक वेळा आधी विमानाने दुसऱ्या देशात जातो आणि तिथल्या बंदरातून जहाज पकडतो. त्यामुळे त्याला विमान प्रवासाचे नियम आधी लागत. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून विमान सुटण्याआधीच्या तीन दिवसांतली निगेटिव्ह चाचणी सक्तीची केली. ओमायक्रॉन आल्यावर ६ डिसेंबर २०२१ पासून ही मुदत एका दिवसावर आणली.

तिसरे दार बंदराच्या देशाचे. जहाज सात दिवसांत चार देशांना लागत असेल तर चार देशांचे नियम. ऑस्ट्रेलियाने तर मार्च २०२० पासून १७ एप्रिल २०२२ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रूझ जहाजांना बंदीच घातली होती.

चौथे दार घरी परतण्याचे. भारतात येणाऱ्यांसाठी ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागितला जात होता. विमानाने येणाऱ्यांना एअर सुविधा पोर्टलवर माहिती भरावी लागे. समुद्रमार्गे येणाऱ्यांनाही हेच नियम होते, मात्र त्यांच्यासाठी ऑनलाइन नोंदणीची सोय नव्हती.

यात बारीक फरक फार होते. अमेरिका अँटिजेन चाचणीही चालवून घेत होती, भारत आरटीपीसीआर मागत होता. अमेरिकेचा हिशेब दिवसांत, भारताचा तासांत. मुदत मोजायची ती नमुना दिल्यापासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी अनेकांचा इथेच गोंधळ झाला होता. रिपोर्ट सकाळी आला म्हणून ते निर्धास्त, पण नमुना आदल्या दिवशी दिलेला. वरून नावाची भानगड. पासपोर्टवर पूर्ण नाव आणि रिपोर्टवर लॅबवाल्याने घाईत लिहिलेले अर्धे नाव. आजार नव्हता, तरी कागदाने माणूस अडत होता.

लसीच्या कागदाचे राजकारण

२०२१ मध्ये चाचणीला लसीची अट जोडली गेली. इथे आपल्या देशातल्या तरुणांसमोर दोन अडचणी आल्या.

पहिली कोव्हिशील्डची. भारतात मे २०२१ मध्ये तिच्या दोन डोसमधले अंतर १२ ते १६ आठवडे केले. देशात राहणाऱ्याला त्याने फरक पडत नव्हता. पण ज्याला महिन्याभरात जहाजावर हजर व्हायचे होते, त्याने काय करायचे? ओरड झाल्यावर जून २०२१ मध्ये केंद्राने सूट दिली. शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकच्या पथकाला २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येऊ लागला. प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोयही झाली. ही सूट ज्यांना वेळेत कळली ते गेले. ज्यांना कळली नाही ते ८४ दिवस मोजत बसले. सरकारी परिपत्रक निघणे वेगळे आणि ते वस्तीपर्यंत पोहोचणे वेगळे.

दुसरी अडचण कोव्हॅक्सिनची. भारतात ती जानेवारी २०२१ पासून दिली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने तिला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतले ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. अमेरिकेने परदेशी विमान प्रवाशांना लसीची अट लावली ८ नोव्हेंबर २०२१ पासून आणि या यादीतल्या लशी मान्य केल्या. म्हणजे आमच्या त्या मुलाच्या लसीत काहीच बदल झाला नाही, त्याच्या शरीरात काहीच बदल झाला नाही. यादीत नाव आले आणि तो 'लस घेतलेला' ठरला.

यादी असणे चूक नाही. लस तपासूनच मान्य झाली पाहिजे. पण यादीला लागणाऱ्या उशिराची किंमत लस बनवणाऱ्याने किंवा यादी करणाऱ्याने मोजली नाही. ती नोकरीची वाट पाहणाऱ्याने मोजली.

प्रवासी उतरले, कामगार राहिले

क्रूझच्या बातम्यांमध्ये आपल्याला बहुतेक वेळा प्रवासी दिसले. बाल्कनीत उभे असलेले, हात हलवणारे. खालच्या मजल्यावरची माणसे फारशी दिसली नाहीत.

डायमंड प्रिन्सेसवर १,०४५ कर्मचारी होते. त्यात १३२ भारतीय. विलगीकरण जाहीर झाल्यावर प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद झाले. कर्मचारी मात्र काम करत राहिले, कारण हजारो लोकांना जेवण पोचवायचे होते. ते एकत्र जेवत होते, एकाच खोलीत दोघे झोपत होते. ९ फेब्रुवारीपर्यंत बाधित ठरलेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण जेवणाच्या विभागातले होते. विलगीकरण प्रवाशांचे झाले, कामगारांचे नाही, असे म्हटले तर चूक होणार नाही. शेवटी २७ फेब्रुवारीला भारताने विशेष विमानाने ११९ भारतीयांना परत आणले.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितले की, देशाच्या किनाऱ्याजवळ सुमारे १०० क्रूझ जहाजे उभी आहेत आणि त्यांवर जवळपास ८०,००० कर्मचारी आहेत. प्रवासी गेले होते. कामगारांना कोणी उतरवून घेत नव्हते.

आपल्या दारातही हेच झाले. मारेला डिस्कव्हरी या जहाजावरचे १४६ भारतीय कर्मचारी मायदेशाच्या जवळ येऊनही उतरू शकत नव्हते, कारण टाळेबंदीत खलाशांना उतरवण्याचा नियमच नव्हता. २१ एप्रिल २०२० रोजी गृह मंत्रालयाने कार्यपद्धती ठरवली. बंदरावर चाचणी, अहवाल येईपर्यंत विलगीकरण, मग घरी जाण्यासाठी पास. दोन दिवसांत, २३ एप्रिलला, ते मुंबईत उतरले. दोन दिवसांत जे झाले ते आधीच्या आठवड्यांत का झाले नाही? चाचणीची साधने होती, बंदर होते, माणसे होती. कागद नव्हता, आणि कागद मागणारा आवाज लहान होता.

समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते की नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण तो ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे लागू होतो. जहाजाच्या मजल्यांवर ते डोळ्यांना दिसते.

आज काय स्थिती आहे?

ही बंधने टप्प्याटप्प्याने गेली. अमेरिकेने विमान प्रवाशांची चाचणी १२ जून २०२२ रोजी थांबवली आणि जुलै २०२२ मध्ये क्रूझसाठीचा कोविड कार्यक्रम बंद केला. कॅनडाने १ ऑक्टोबर २०२२ पासून अटी काढल्या. भारताने नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर सुविधाची सक्ती संपवली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात अमेरिकेने परदेशी प्रवाशांसाठीची लसीची अटही उठवली.

तरीही कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लस किंवा चाचणीची अट ठेवू शकते. म्हणून जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, अट तोंडी ऐकू नका. एजंटकडून ती लेखी मागा. कंपनीची अट, विमानाची अट आणि बंदराच्या देशाची अट वेगवेगळी लिहून काढा.

दोन, एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का ते आधी तपासा.

तीन, सागरी कामगार करार २००६ भारताने २०१५ मध्ये मान्य केला आहे. त्यात 'खलाशी' म्हणजे फक्त इंजिनवाला किंवा डेकवाला नव्हे. जहाजावर कोणत्याही पदावर काम करणारा, म्हणजे वेटर, आचारी, सफाई कामगार, सगळे त्यात येतात. या करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशाचे पुस्तक आणि पासपोर्ट यांचा खर्च आपला असू शकतो, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. जहाजावर आजारी पडल्यास उपचार आणि करार संपल्यावर घरी पोचवणे हीदेखील मालकाची जबाबदारी.

चार, लसीची प्रमाणपत्रे, रिपोर्ट आणि करारपत्र यांच्या प्रती घरी ठेवा, फोनमध्ये ठेवा. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे का ते लॅबमधून निघण्याआधी पाहा.

त्या मुलाला पुढच्या वर्षी जहाज मिळाले. पण तोवर घरच्यांनी एजंटला देण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज चढले होते आणि आईचे दागिने गहाणच होते. आम्ही त्याच्या लसीचा प्रश्न सोडवायला धडपडत होतो. एजंटने पैसे घेणेच नियमात बसत नव्हते, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. आपल्या वस्तीत कोणी जहाजावर जायच्या तयारीत असेल, तर पैसे देण्याआधी त्याला एवढे जरूर सांगा.