छातीतली नळी अचानक कोरडी पडली तर

आपल्या हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. तिच्यात एरवी 15 ते 50 मिलिलिटर पाणी असते. त्यात रक्त किंवा पाणी साठत गेले की हृदय बाहेरून आवळले जाते. ते नीट भरतच नाही, मग शरीराला रक्त देणार कुठून? याला कार्डियाक टॅम्पोनाड म्हणतात. हळूहळू साठले तर लिटरभरही सहन होते; झटकन साठले तर 150-200 मिलिलिटरसुद्धा जीव घेते.

खुणा अशा: ब्लड प्रेशर उतरते, नाडी धावते, मानेच्या शिरा फुगतात, ठोके दबके ऐकू येतात. इथे डब्लिनच्या विल्यम स्टोक्स यांनी 1825 मध्ये स्टेथोस्कोपवर पुस्तक लिहिले, तेव्हा कानावरच भिस्त होती. आता बिछान्यापाशीच इको काढतात.

हार्टच्या ऑपरेशननंतर मात्र सगळ्या खुणा दिसतीलच असे नाही. छातीतल्या नळीतून येणारे रक्त अचानक थांबले, की नातेवाईक म्हणतात, "बरे झाले, थांबले एकदाचे!" पण त्याच वेळी प्रेशर उतरत असेल, लघवी कमी होत असेल, तर नळीत गुठळी अडकून रक्त आत साठत असू शकते. लगेच नर्सला हाक मारा.

सलाइनने थोडा वेळ मिळतो, एवढेच. खरा उपाय म्हणजे सुईने पाणी काढणे. ऑपरेशननंतर बहुधा छाती पुन्हा उघडावी लागते.

घरी आल्यावरही दम लागला, चक्कर आली, तर वाट पाहू नका. आयर्लंडमध्ये 112 किंवा 999 फिरवा.